काळं ऑइल म्हणजे इंजिन गेलं? अजिबात नाही

डिझेल ट्रकच्या डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) काळं ऑइल दिसलं की ‘इंजिन संपलं, ट्रक विकून टाका’ असा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगल्या गाड्या कवडीमोल भावात जातात. डिझेल जळताना काजळी होतेच. ती धरून ठेवणं हे ऑइलचं कामच, म्हणून नवं ऑइलही लगेच काळं पडतं. घाबरायचं ते दुधाळ ऑइलला, कारण त्यात पाणी शिरलेलं असतं. इंजिन खरंच झिजलंय का हे पाहायला ते गरम करून आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण सैल करा. धुराचा जोरदार झोत सतत येत राहिला तर रिंग-लायनरवर, म्हणजे पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरच्या अस्तरावर, संशय घ्या (कधी इंजिनात जादा हवा ढकलणारा टर्बोही कारण असतो) आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या. चासी (गाडीचा सांगाडा) सडलेली नसेल, तर ओव्हरहॉलचा, म्हणजे इंजिन उघडून दुरुस्त करण्याचा, खर्च नव्या ट्रकच्या हप्त्यांशी ताडून पाहा.