रोजचं सनस्क्रीन: ऑस्ट्रेलियातला सल्ला कसा बदलत गेला

१९८१ साली ऑस्ट्रेलियाच्या टीव्हीवर एक समुद्रपक्षी नाचत-गात आला आणि शर्ट घाला, सनस्क्रीन चोपडा, टोपी चढवा असं सांगून गेला. गाणं घरोघरी पोचलं. वागणंही बदललं, पण त्या मानाने कमी. कळतं पण वळत नाही, हे पुढे मानसशास्त्राने मोजूनही दाखवलं: निश्चय बराच पक्का झाला तरी वागण्यातला फरक त्याहून लहान निघतो. शाळांनी वेगळी वाट काढली. ‘टोपी नाही, तर खेळ नाही’ म्हटलं की मुलाने ठरवायचं काही उरतच नाही.

मोठ्यांबाबतचा पुरावा क्वीन्सलंडमधल्या नॅम्बोरचा. १९९२ ते १९९६ या काळात तिथल्या १,६२१ जणांपैकी निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांनी मर्जीप्रमाणे वापरलं. २०११ मध्ये छापून आलेल्या पाठपुराव्यात पहिल्या गटात मेलानोमाचे (त्वचेच्या एका घातक कर्करोगाचे) ११ रुग्ण निघाले, दुसऱ्यात २२. इतक्या लहान आकड्यांवर वाद होणारच. मला मोलाचं वाटतं ते दुसरंच: प्रयोग संपल्यावरही रोजच्या गटाने नियमित वापर जास्त टिकवला.

तरी अधिकृत सल्ला बराच काळ ‘उन्हात जाणार असाल तर लावा’ असाच राहिला. तो २०१९ मध्ये बदलला. यूव्ही इंडेक्स (उन्हातल्या अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) ३ किंवा वर जाणार असेल त्या दिवशी, बाहेरचा बेत असो-नसो, सकाळच्या आवराआवरीतच लावून टाका. कपडे वाळत घालताना किंवा बस स्टॉपपर्यंत जाताना लागणारं ऊन कुणी हिशेबात धरत नाही, हे त्यामागचं कारण. ड जीवनसत्त्वाचं काय, असा आक्षेप आला. मला खरी अडचण त्या ३ मध्ये दिसते. ब्रिस्बेनमध्ये बहुतेक वर्षभर इंडेक्स त्याच्या वर जातो. मेलबर्न-होबार्टमध्ये मात्र हिवाळ्यात तो आठवडेच्या आठवडे खाली राहतो. सवय सुटते, पुढे नव्याने लावून घ्यावी लागते. एखादा दिवस चुकल्याने सवयीचं फारसं बिघडत नाही, असं लंडनच्या एका अभ्यासात दिसलं होतं. पण तो एखादाच दिवस. (सवयीला ६६ दिवस लागतात, हा सगळीकडे फिरणारा आकडाही तिथलाच. तो मध्यक आहे, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी दिवस लागले, निम्म्यांना जास्त; पसारा १८ ते २५४ दिवसांचा, आणि त्यात सनस्क्रीन नव्हतंच.)

२०२४ मध्ये त्वचेच्या रंगानुसार जास्त, मधल्या आणि कमी धोक्याचे तीन गट पाडणारं निवेदन आलं. गडद त्वचेला थोड्या वेळाच्या उन्हासाठी रोजच्या संरक्षणाची गरज नाही, असं त्यात म्हटलं आहे. तिथल्या मराठी माणसाला आता आपण मधल्या गटात की कमी धोक्याच्या, हे आधी ठरवावं लागतं.