निकालाला आव्हान देताय? ४५ दिवस कुठून मोजायचे ते आधी बघा

गोवा विधानसभेच्या जागा ४०, आणि एकेका मतदारसंघात मतदार साधारण तीस हजारच्या आसपास. २०२२ मध्ये सांत आंद्रेची जागा ७६ मतांनी गेली, पणजीची ७१६ मतांनी. इतक्या थोडक्यात हरलेल्याला कोर्टात जावंसं वाटणारच. पण पुराव्यापर्यंत पोचण्याआधीच याचिका फेटाळली जाते, तेव्हा फार वाईट वाटतं.

याचिका त्या मतदारसंघातला उमेदवार किंवा मतदार करू शकतो. ती पर्वरीला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात द्यायची. सोबत २,००० रुपये सुरक्षा ठेव.

मुदत ४५ दिवसांची. ती निवडणूक निर्णय अधिकारी विजयी उमेदवार जाहीर करतो त्या तारखेपासून धरतात, शपथविधीपासून नव्हे. २०२२ चा निकाल १० मार्चला लागला आणि मुख्यमंत्र्यांचा शपथविधी २८ मार्चला झाला. शपथेपासून मोजणाऱ्याचे १८ दिवस तिथेच गेले. पंचेचाळिसावा दिवस होता २४ एप्रिल, रविवार! शेवटच्या दिवसावर विसंबू नका. इथे विलंब माफीचा अर्ज चालत नाही.

याचिका द्यायला स्वतः जा, नुसत्या वकिलाला पाठवू नका. जितके प्रतिवादी तितक्या प्रती, आणि प्रत्येक प्रतीवर ‘खरी प्रत’ म्हणून तुमची स्वतःची सही. भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर नमुना २५ मधलं प्रतिज्ञापत्रही लागतं.

कुणाकडेच नसतो तो कागद म्हणजे नमुना १७सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष मतदान प्रतिनिधीला त्या केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाची प्रत देतात. ती चार घड्या होऊन खिशात जाते आणि शर्टाबरोबर धुतली जाते. त्याच रात्री सगळ्या केंद्रांच्या प्रती गोळा करा, फोटो काढा. मोजणीच्या आकड्यांशी ताडून बघायला तुमच्या हातात दुसरं काही नसतं. फेरमोजणी हवी असेल तर अंतिम निकालपत्रावर सही होण्याआधी, लेखी आणि कारणासह मागा. तोंडी आरडाओरड्याची कुठे नोंद होत नाही. मतदान यंत्राच्या तपासणीची मागणी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार करू शकतो, तीही निकालानंतर ७ दिवसांतच.

आणि खर्चाचा हिशेब. ‘हरलो, आता कसला हिशेब’ असं म्हणून तो राहून जातो. निकालापासून ३० दिवसांत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे गेला नाही, तर आयोग ३ वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. मग याचिका मान्य होऊन पोटनिवडणूक लागली तरी तुम्हाला उभं राहता येणार नाही.