बेडूक-गरी

दाट पाणवनस्पतींच्या थरावरून पोकळ रबरी बेडूक ओढत नेऊन, खाली दबा धरून बसलेल्या शिकारी माशाला वर आणून पकडण्याची पद्धत. अमेरिकेत ती लार्जमाउथ बास या माशासाठी विकसित झाली. नागपूर व पूर्व विदर्भातील तलावांवर बास नाही. तेथे हीच साधने मरळीसाठी वापरतात. मासा बेडकावर झडप घालतो, पाणी उसळते, पण गळ लागत नाही, ही या पद्धतीची मूळ अडचण आहे. प्रस्तुत नोंदीत तिचाच विचार प्रामुख्याने केला आहे.

उगम : कृत्रिम बेडकाचे श्रेय बहुधा मिशिगन राज्यातील डोवॅजिॲकचे जेम्स हेडन यांना दिले जाते. गिरणीच्या तळ्याकाठी बसल्या बसल्या तासलेला लाकडाचा तुकडा त्यांनी पाण्यात भिरकावला आणि बासने त्यावर झडप घातली, अशी कथा सांगतात. ती दंतकथा म्हणूनच घेणे बरे. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेडन लाकडी बेडूक बनवत होते, याबद्दल फारसे दुमत नाही. लाकडी बेडकाचे गळ उघडे असत, त्यामुळे तो मोकळ्या पाण्यातच चाले. वनस्पतींवरून न अडकता सरकणारा, दाबला की चपटा होणारा पोकळ बेडूक ही वेगळी कल्पना असून तिच्यासाठी सामान्यतः १९५७ हे वर्ष आणि स्नॅग प्रूफ या आमिषे बनवणाऱ्या कंपनीचे हॅरी एलर्स यांचे नाव दिले जाते. आजच्या बेडकाचा पूर्वज लाकडी नमुन्यापेक्षा हाच मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

भारतात जिवंत बेडूक गळाला लावून मरळ धरण्याची रीत जुनी आहे. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव (बोलीत मामा तलाव) गोंड राजवटीच्या काळात, साधारणपणे सोळाव्या ते अठराव्या शतकांदरम्यान, मुख्यतः कोहळी समाजाने बांधले असे मानतात. या उथळ तलावांत शिंगाडा, कमळ, हायड्रिला आणि अलीकडे जलपर्णी माजते व काठाला बेशरमाची झुडपे वाढतात. मरळीला याहून सोयीची जागा नाही. ढीवर या मासेमार समाजाला हे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, तेव्हा बाहेरून आले ते रबरी साधन. झिलाणीच्या (पाणथळ डबक्याच्या) तोंडाशी बेडूक नेण्याची युक्ती इथलीच म्हणावी लागते.

माशांतील फरक : बासच्या नामकरणात नुकताच बदल झाला आहे. २०२२ मधील जनुकीय अभ्यासानंतर ‘मायक्रोप्टेरस सॅल्मॉइडिस’ हे नाव फ्लोरिडा बासकडे गेले आणि इतरत्रच्या लार्जमाउथसाठी ‘मायक्रोप्टेरस निग्रिकान्स’ हे जुने नाव पुन्हा वापरात आले. जुन्या लेखनात दोन्ही एकाच नावाखाली येतात. मरळ या नावाने मुख्यतः ‘चन्ना स्ट्रायाटा’ व मोठी वाढणारी ‘चन्ना मरुलियस’ ओळखल्या जातात. बास एकदम जबडा उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. वर झाडपाल्याचा जाड थर असेल तर त्याचा नेम चुकतो. मरळ दात रोवून बेडूक घट्ट आवळते. तिचा जबडा हाडाळ असतो आणि आवळलेल्या तोंडात गळ जागचा हलत नाही, म्हणून तिच्यासाठी गळ रुतवण्याचा काठीचा झटका अधिक जोरकस लागतो. ती हवेतील ऑक्सिजनही घेत असल्याने पाण्यात प्राणवायू कमी असलेल्या दाट जलपर्णीखाली टिकते आणि ठराविक वेळाने श्वास घ्यायला वर येते. त्या वेळचे बुडबुडे व हलकी हालचाल पाहून जागा हेरतात.

बेडकाची तयारी : बाजारातून आणलेला बेडूक तसाच वापरला तर निम्मी संधी वाया जाते. प्रथम तो अंगठा व तर्जनीत दाबून पाहावा. पाठीला चिकटून बसवलेल्या दुहेरी गळाची दोन्ही टोके सहज उघडी पडली पाहिजेत. रबर ताठ असेल तर पाणी उकळून आचेवरून उतरवावे, त्यात बेडूक अर्धा ते एक मिनिट ठेवावा आणि बाहेर काढून काही वेळा दाबावा. नंतर पक्कडीने दोन्ही टोके किंचित वर व बाहेर वळवावीत. दीड-दोन मिलिमीटर पुरे. त्याहून जास्त वळवल्यास प्रत्येक फेकीत पाला अडकतो आणि पोलादही कमजोर होते. टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून हलके ओढावे. ते घसरले तर कानशीने धार लावावी.

मागचे झालरीचे पाय लांब असल्यास मासा फक्त पाय धरतो. ते सुमारे एकतृतीयांश कापावेत, एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा आखूड ठेवावा, म्हणजे चाल डावी-उजवी राहते. पोटात मागच्या बाजूला ३ ते ५ ग्रॅम शिसे घातल्यास शेपूट खाली बसते, गळ माशाच्या तोंडात आधी जातो आणि थर दबल्यामुळे खालच्या माशाला जागा कळते. गळाच्या फटीतून पाणी आत शिरते. काही फेकींनंतर ते पिळून काढावे लागते. नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेले बेडूक उष्णतेने वाकडे होतात, आणि दुसऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या आमिषांना चिकटून राहिल्यास विरघळतात. ते सुटे व सावलीत ठेवावेत.

काठी, दोरी, रील : काठी ७ ते साडेसात फूट, जाड पाठीची व टोकाकडे झटकन वाकणारी असावी. दोरी विणलेली, ५० ते ६५ पौंडी. जलपर्णीची देठे फार जाड असल्यास ८० पौंडी. नायलॉनची एकपदरी दोरी तुटण्याच्या बेतात येईपर्यंत १५ ते ३० टक्के लांबते, म्हणजे २० मीटर अंतरावर झटक्याचा बराच भाग दोरीच गिळते. विणलेली दोरी फारशी ताणत नाही आणि पालाही कापते. गाठ पालोमार नावाची, थेट बेडकाच्या कडीला. रीलचा वेग ७:१ (हँडलच्या एका फेऱ्याला फिरकीचे सात फेरे) किंवा अधिक असावा आणि ड्रॅग, म्हणजे ताण आल्यास दोरी सरकू देणारा रीलचा ब्रेक, पूर्ण आवळलेला. झटक्याच्या वेळी ड्रॅग सरकला की टोक घुसत नाही.

झटक्याची वेळ : याबाबत तीन मते आहेत. आवाज येताच झटका द्यावा, हे पहिले. दोन अंक मोजावेत, हे दुसरे. काठीला वजन जाणवेपर्यंत थांबावे, हे तिसरे. पहिल्यात बेडूक बहुतेकदा माशाच्या तोंडासमोरून निसटतो, कारण आवाज हा पाणी फुटल्याचा असतो, तोंड मिटल्याचा नव्हे. मोजण्याची रीत सोपी आहे, पण मरळ वळून बेडूक थुंकेल तेव्हा ती कामाची नाही. तिसरे मत अधिक भरवशाचे दिसते. झडप झाली की काठीचे टोक पाण्याकडे खाली न्यावे, ढिली दोरी दोन-तीन वेळा रील फिरवून गोळा करावी आणि वजन लागताच दोन्ही हातांनी काठी वर व मागे जोरात ओढावी. थर विरळ असेल, मासा उघड्यावर दिसत असेल, तर हे सगळे लवकर करता येते. लांब फेकीत दोरी पाल्यावर वळणे घेऊन पडते व जोर वाया जातो. १५ ते २० मीटरांच्या आत फेकणे हिताचे. गळ लागताच माशाचे डोके वर ठेवून सलग ओढावे. तो खाली गेला तर पाल्याच्या गुंत्यात दोरी अडकते आणि गळ सैल होतो.

चूक कुठे झाली ते परत आलेला बेडूकच सांगतो. फक्त पायांवर दातांचे ओरखडे असतील तर पाय लांब आहेत. पाठीचे रबर गळाच्या टोकांवर घडी होऊन बसले असेल तर बेडूक ताठ आहे. दोन्ही गळांत पाला भरला असेल तर टोके फार बाहेर आली आहेत. बेडूक पाण्याने भरून जड झाला असेल तर फेकीचे अंतर व चाल दोन्ही बिघडली आहेत. काहीच खूण नसेल तर माशाचा नेम चुकला. अशा वेळी थरातील त्याच भोकाजवळ लगेच पुन्हा, पण या वेळी हळू, बेडूक आणावा. मोठा मासा अनेकदा तिथेच असतो.

काळ व निर्बंध : मरळीची वीण मुख्यतः पावसाळ्यात होते. लालसर पिलांचा थवा पाण्यावर दिसला की नर-मादी त्याच्याखाली राखण करतात व बेडकावर चिडून धावतात. अशा जोडीला पकडले की थवा इतर माशांच्या तोंडी जातो, म्हणून अशी जोडी टाळावी. पाऊस ओसरल्यानंतरचे आठवडे आणि उन्हाळ्यात पाणी आटून मासे उरलेल्या झिलाणीत जमतात तो काळ अनुकूल. थंडीत चाल मंदावते. पुष्कळ तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांची परवानगी घ्यावी लागते. पेंच व्याघ्र प्रकल्पातील तोतलाडोह जलाशयात मासेमारीला बंदी आहे. आमिषासाठी जिवंत बेडूक पकडू नयेत. मोठ्या हिरव्या बेडकाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे.