लोकल अक्ष आधी, ग्लोबल नंतर

फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात असो की वास्कोच्या जहाजबांधणीत, फायनाइट एलिमेंटचे, म्हणजे रचनेचे लहान घटकांत तुकडे करून गणित करणारे, सॉफ्टवेअर उघडले की स्क्रीनच्या कोपऱ्यात एक्स, वाय, झेड दिसतात. त्यामुळे ग्लोबल अक्ष (सगळ्या रचनेसाठी सामाईक) हेच मूळ आणि लोकल अक्ष (एकेका घटकाचे स्वतःचे) ही मागून आलेली सोय, असे नवशिक्यांना वाटते. इतिहासात क्रम उलटा आहे.

मांडवीवरच्या अटल सेतूचे केबल पाहा. त्यांचे कोन वेगवेगळे, पण प्रत्येकाची ताठरता त्याच्या स्वतःच्या लांबीच्या दिशेनेच सोप्या सूत्रात बसते: यंग्ज मॉड्युलस (पदार्थाच्या ताठपणाचे माप) गुणिले छेदाचे क्षेत्रफळ, भागिले लांबी. अनेक मेंबर (रचनेचे दांडे, केबल) एका नोडवर, म्हणजे जोडबिंदूवर, येऊन त्यांच्या बलांची बेरीज करायची वेळ येते, तेव्हाच सामाईक अक्ष लागतात. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांच्या विमानरचनांवरच्या १९५६ च्या निबंधातही घटकांच्या ताठरतेच्या मॅट्रिक्स (आकड्यांचे तक्ते) अशाच फिरवून जोडल्या आहेत. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. वेड्यावाकड्या चौकोनाला उणे एक ते एक अशी स्वतःची मापे देण्याची कल्पना टेग यांनी १९६१ मध्ये मांडली, आणि आयर्न्स यांनी ती पुढे वाढवली. आजचे बहुतेक घटक याच नैसर्गिक निर्देशकांवर उभे आहेत.

मग नासाचे नास्ट्रान हे फायनाइट एलिमेंटचे सॉफ्टवेअर आले. त्यात प्रत्येक नोडसाठी दोन स्वतंत्र रकाने असतात: नोडची जागा कोणत्या अक्षांत सांगितली आणि त्याचे विस्थापन कोणत्या अक्षांत मोजायचे. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण स्थान आणि हालचाल हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्यात मान्य केले आहे. दाबाखालच्या नळकांड्यासारख्या टाकीचे नोड कार्टेशियनमध्ये (सरळ एक्स, वाय, झेडमध्ये) असले तरी तिला बाहेरच्या दिशेने मोकळे सोडून परिघाच्या दिशेने धरायचे, तर विस्थापनाचे अक्ष दंडगोलीयच (त्रिज्या, परीघ आणि लांबी या दिशांचे) हवेत.

निकाल वाचतानाही हेच. अशा पातळ भिंतीच्या टाकीत परिघाच्या दिशेचा ताण सगळीकडे सारखा आणि लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. तोच ग्लोबल एक्समध्ये पाहिला तर टाकीभोवती रंग बदलत जातात आणि दोष नसलेल्या जागी दोष दिसतो. रंगांवर विश्वास ठेवण्याआधी ते कोणत्या अक्षांत काढले आहेत ते तपासायलाच हवे. आन्सिस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या विक्षेपाच्या (रचना खूप वाकते अशा) गणितात घटकाचे अक्ष घटकाबरोबर फिरतात, नोडचे मात्र मूळ दिशेतच राहतात.