जीवनगुणवत्तेचा सर्व्हे आणि तीन उलटे प्रश्न

‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची जीवनगुणवत्ता 62’ असं वाचलं की 62 टक्के विद्यार्थी सुखी आहेत, असा अर्थ अनेकजण काढतात. तो चूक आहे. अशा सर्व्हेंमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची ‘डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ’ ही 26 प्रश्नांची प्रश्नावली सर्रास वापरतात. तिच्यात शारीरिक (7 प्रश्न), मानसिक (6), सामाजिक संबंध (3) आणि परिसर (8) अशी चार क्षेत्रं आहेत. उरलेले दोन प्रश्न एकंदर मताचे. चारही क्षेत्रांचे गुण वेगवेगळे मांडायचे असतात, त्यांचा मिळून एकच आकडा करायचा नसतो.

प्रत्येक उत्तर 1 ते 5 मधलं. क्षेत्रातल्या उत्तरांची सरासरी काढून 4 ने गुणा, त्यातून 4 वजा करा, मग 100 ने गुणून 16 ने भागा. 0 ते 100 मधले गुण मिळतात. सगळीकडे 3 लिहिणाऱ्यालाही 50 मिळतात!

सगळ्यात घातक चूक होते ती प्रश्न 3, 4 आणि 26 मध्ये. वेदनांचा अडथळा, उपचारांची गरज, उदासी-चिंता: इथे मोठा आकडा म्हणजे वाईट स्थिती. म्हणून उत्तर 6 मधून वजा करून घ्यायचं. शारीरिक क्षेत्रात एका धडधाकट विद्यार्थ्याने 3 आणि 4 या प्रश्नांना 1 दिला, बाकी पाचांना 4. उलटवून बेरीज 30, गुण 82. उलटवायला विसरलात तर बेरीज 22, गुण 54. आता आजारी विद्यार्थी घ्या: त्या दोन प्रश्नांना 5, बाकीच्यांना 2. त्याचे खरे गुण 18, पण चुकीच्या हिशेबात 46. म्हणजे 82 आणि 18 मधली दरी 54 आणि 46 वर आली, आणि दोघांची सरासरी मात्र 50 च्या 50! सरासरी बघून ही चूक सापडत नाही. प्रत्येक प्रश्नाचा क्षेत्रातल्या उरलेल्या प्रश्नांच्या बेरजेशी सहसंबंध (दोन आकडे सोबत वाढतात-घटतात का, याचं माप) काढा. तो ऋण आला, म्हणजे एक वाढला की दुसरा घटतो असं दिसलं, की उलटवायचं राहिलंय असं समजा.

पाच प्रश्नांत ‘तुमचं सुख किती टक्के’ सांगणाऱ्या ऑनलाइन चाचण्या यातलं काहीच तपासत नाहीत. त्यांना राशिभविष्याइतकीच किंमत द्यावी.

सामाजिक क्षेत्रातला लैंगिक जीवनाचा प्रश्न विद्यार्थी बरेचदा रिकामा सोडतात. तिथे शून्य भरू नका. उरलेली दोन उत्तरं 4 असतील तर गुण 75 येतात. शून्य धरलात तर 42. तीनपैकी दोन उत्तरं रिकामी असतील, तर त्या क्षेत्राचे गुण काढूच नयेत.

प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल असतात. त्यामुळे एका वर्गाला परीक्षेच्या धामधुमीत आणि दुसऱ्याला सुट्टीनंतर फॉर्म देऊन तुलना करू नये, आणि प्रत्येक फॉर्मवर तारीख घ्यावी.