माळ्याचं रेलिंग घेताना आधी बेसप्लेट बघा

कुपवाड-मिरज एमआयडीसीत किंवा तासगावकडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये माळ्याच्या (पोटमजल्याच्या) रेलिंगची मापं घ्यायला गेलो की पहिला प्रश्न येतो, "पाईप किती जाडीचा?" आम्ही मात्र आधी खाली बसून खांबाचं बूड, म्हणजे फरशीला बोल्टनं बसवलेली बेसप्लेट बघतो.

आपल्याकडे उघड्या कडा आणि रेलिंगसाठी आयएस ४९१२ हे मानक आहे. त्याच्या जोडीला आम्ही अमेरिकेच्या 'ओशा' या कामगार-सुरक्षा यंत्रणेचे आकडे धरतो, कारण रेलिंगने किती जोर सोसायचा हे तिथं स्पष्ट दिलंय. वरचा दांडा ४२ इंचांवर, ३ इंच कमी-जास्त चालतो. त्यावर कुठंही बाहेरच्या किंवा खालच्या दिशेनं २०० पौंड, म्हणजे सुमारे ९१ किलोचा जोर आला तरी तो टिकला पाहिजे. खाली दाबल्यावर ३९ इंचांच्या खाली वाकता कामा नये. मधल्या दांड्याला १५० पौंड, म्हणजे ६८ किलो. खाली साडेतीन इंची टो-बोर्ड, म्हणजे कडेची उभी पट्टी, हवाच, कारण वरून निसटलेला पाना खालच्या माणसाच्या डोक्यात बसतो.

आता हिशोब बघा. ४२ इंचांवर ९१ किलोचा धक्का बसला की खांब पहारीसारखा बोल्ट उचकटायला बघतो. प्लेटच्या बाहेरच्या कडेपासून आतले बोल्ट ४ इंचांवर असतील, तर शेजारच्या खांबांची मदत न धरता त्या बोल्टांवर मिळून साडेनऊशे किलोच्या आसपास ओढ येते. फरशीखाली दोन इंच कोबा असेल आणि फास्टनर (भोकात ठोकून बसवलेला बोल्ट) त्यातच अडकला असेल, तर वर कितीही भारी पाईप लावा, उपयोग नाही. भोक स्लॅबच्या काँक्रीटपर्यंत गेलंच पाहिजे. तिथं आम्ही तडजोड करत नाही, मग काम दुसऱ्याकडे गेलं तरी चालेल.

जुनं रेलिंग असेल तर धुण्याचं पाणी साचतं तिथले खांब तपासा. रंगाखाली फुगवटा दिसला, हातोडीनं हळू टोकल्यावर आवाज बद्द आला, तर पाईप आतून खाल्लाय असं समजा. नुसता वरून रंग मारून घेऊ नका.

आणि एक कळकळीची विनंती. रेलिंगला टेकवून हळदीची पोती किंवा बेदाण्याचे बॉक्स रचू नका. तो भार रात्रंदिवस तिथंच राहतो. माल चढवायच्या जागी दांडा कापून दोरी बांधण्याऐवजी झुलतं गेट सांगा. मापं घेतानाच सांगितलंत तर दोन्ही बाजूंचे खांब त्या हिशोबानं बसवता येतात.