स्पायडरलँड (स्लिंटचा अल्बम)

स्पायडरलँड हा स्लिंट या अमेरिकन बँडचा दुसरा आणि शेवटचा अल्बम. शिकागोच्या टच अँड गो या स्वतंत्र लेबलने (रेकॉर्ड कंपनीने) तो मार्च १९९१ मध्ये काढला. सहा गाणी, साधारण ३९ मिनिटं, बस एवढंच. आज पोस्ट-रॉक (रॉकचीच वाद्यं, पण नेहमीच्या गाण्याच्या साच्याबाहेरचं संगीत) किंवा मॅथ रॉकचा (गुंतागुंतीच्या, विषम मात्रांच्या रॉकचा) विषय निघाला की याचं नाव पहिल्या दोन-तीनात येतंच, पण निघाला तेव्हा फार कोणी दखल घेतली नाही, आणि बँड तर रिलीजच्या आधीच मोडला होता.

बँड केंटकीतल्या लुइव्हिलचा. तिथल्या पंक आणि हार्डकोर (पंकचाच आणखी वेगवान, आक्रमक प्रकार) सीनमधली ही पोरं, ब्रायन मॅकमहन (गिटार, आवाज) आणि ब्रिट वॉलफर्ड (ड्रम्स) शाळकरी वयापासून एकत्र वाजवणारे, त्यांच्यासोबत डेव्हिड पाजो (गिटार) आणि टॉड ब्रॅशिअर (बेस). रेकॉर्डिंगच्या वेळी जेमतेम विशीतले सगळे! पहिला अल्बम 'ट्वीझ' रेकॉर्डिंग इंजिनियर स्टीव्ह अल्बिनीने रेकॉर्ड केला होता, त्यातल्या गाण्यांना बँडवाल्यांच्या आईवडिलांची नावं दिलीत (एक नाव कुत्रीचं आहे). त्या अल्बमचा साउंड आधीचा बेसिस्ट ईथन बकलरला पटला नाही म्हणून तो बाहेर पडला आणि ब्रॅशिअर आला.

स्पायडरलँडचं रेकॉर्डिंग ऑगस्ट १९९० मध्ये शिकागोत झालं, प्रोड्यूसर ब्रायन पॉलसन, आणि सगळं काम मोजून चारेक दिवसांत उरकलं. आता चार दिवसांत असा अल्बम झाला म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी झटका आला असेल, पण तसं नाहीये, वॉलफर्डच्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात हीच गाणी त्यांनी महिनोन्‌महिने घासली होती, प्रत्येक थांबा आणि प्रत्येक वळण पक्कं करून मगच ते स्टुडिओत गेले. पक्के नव्हते ते फक्त शब्द, ते बरेचसे अगदी शेवटी लिहिले गेले, आणि मॅकमहन ते बऱ्याच ठिकाणी गात नाही, बोलतो, तेही इतकं हळू की कान द्यावा लागतो.

गिटार ऐकताना आधी जाणवतो तो मोकळेपणा. त्या काळच्या अंडरग्राउंड गिटार बँड्सची सवय म्हणजे डिस्टॉर्शनची (मुद्दाम फाडलेल्या, खरखरीत आवाजाची) भिंत उभी करायची. इथे क्लीन गिटार आहे, दोन सुरांमध्ये भरपूर जागा आहे, आणि आवाज चढतो तो अचानक. 'ब्रेडक्रम्ब ट्रेल' हार्मॉनिक्सने (तारेला हलकेच बोट लावून काढलेल्या घंटेसारख्या सुरांनी) सुरू होतं, रिफ (परत परत येणारी गिटारची ओळ) सात मात्रांची, म्हणजे रूपक तालाची सवय असलेल्या कानाला ती पटकन सापडते. गोष्ट साधी, एक मुलगा जत्रेत जातो, भविष्य सांगणाऱ्या बाईच्या तंबूत शिरतो, आणि ते दोघं रोलरकोस्टरवर बसतात. 'डॉन, अमन'मध्ये ड्रम्स नाहीतच, वॉलफर्ड स्वतः गिटार घेऊन पार्टीत एकटा पडलेल्या माणसाबद्दल कुजबुजतो. 'वॉशर' जवळपास नऊ मिनिटांचं, बहुतेक वेळ शांत, आणि शेवटाकडे जेव्हा गिटारचा आवाज फाटतो तेव्हा पोटात खड्डा पडतो. सगळ्यात दुर्लक्षित 'फॉर डिनर', शब्द नसलेलं. पूर्वी मी ते सरळ वगळून पुढे जायचो, आता वाटतं 'गुड मॉर्निंग, कॅप्टन'च्या आधी ती पाच मिनिटं नसतील तर शेवटचा तडाखा अर्धाच बसेल. त्या शेवटच्या गाण्यात जहाज फुटल्यावर वाचलेला कॅप्टन एका दाराशी येतो, आत एक लहान मूल आहे, आणि शेवटी मॅकमहन 'तुझी आठवण येते' असं इतकं जीव तोडून ओरडतो की रेकॉर्डिंगनंतर तो आजारी पडला होता.

कव्हरवरचा कृष्णधवल फोटो लुइव्हिलच्याच गायक विल ओल्डहॅमने काढलाय, इंडियानातल्या युटिका इथल्या जुन्या खाणीच्या पाण्यात चौघांची फक्त डोकी दिसतात.

प्रसिद्धी हळूहळू आली. अल्बिनीने १९९१ मध्येच मेलडी मेकर या ब्रिटिश संगीत साप्ताहिकात दहा स्टार देऊन लिहिलं होतं की दहा वर्षांनी हा मैलाचा दगड ठरेल, आणि ते खरंच झालं. १९९५ च्या 'किड्स' सिनेमाच्या साउंडट्रॅकमध्ये शेवटचं गाणं आलं, स्कॉटलंडच्या मोग्वाईसारख्या बँड्सवर याची छाप स्पष्ट दिसते, पाजो पुढे टॉर्टॉइज या शिकागोच्या पोस्ट-रॉक बँडमध्ये वाजवू लागला. २००५ मध्ये बँड पुन्हा स्टेजवर आला.

२०१४ मध्ये रीमास्टर केलेला बॉक्स सेट निघाला आणि त्यासोबत दिग्दर्शक लान्स बँग्सची बँडवरची डॉक्युमेंटरी. बॉक्समध्ये तळघरातल्या प्रॅक्टिसच्या टेप आहेत आणि माझ्या मते अल्बम पाठ असलेल्यांनी आता त्याच ऐकाव्यात, कारण इतकी वर्षं या अल्बमभोवती गूढतेचं जे वलय जमलंय ते तिथे गळून पडतं आणि एकच जागा नीट बसेपर्यंत परत परत वाजवणारी चार पोरं ऐकू येतात.